सोडियम एकशे नऊ असतानाचं माझं बोलणं

आजाराचं नाव मला कळलं तेव्हा निम्मा आजार होऊन गेला होता. डोळे उघडले तर समोर एक पोरगेलीशी डॉक्टरीणबाई फाईल घेऊन उभी. म्हणाली, "मावशी, आज वार कुठला?" मी म्हटलं, "ते तुम्हीच सांगा, मी झोपले होते." ती हसली आणि शेजारच्या सिस्टरला म्हणाली, "आल्या जागेवर."

मग तिनं नाव सांगितलं. सिव्हिअर हायपोनॅट्रेमिया. म्हणजे रक्तातलं सोडियम, आपल्या भाषेत मीठ, फार खाली जाणं. चांगल्या माणसाचं ते एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस असतं. मला आणलं तेव्हा एकशे नऊ होतं. इतकं उतरलं की मेंदूला सूज येते, झटके येतात, माणूस भ्रमात जातो. त्या भ्रमाला त्यांच्यात डिलिरियम म्हणतात.

"एवढं कशानं उतरलं?" मी विचारलं.

"तेच मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुमचे मिस्टर म्हणाले, चौदा दिवस तुम्ही नुसतं पाणी पीत होता. खरंय?"

मी मान हलवली. लाज वाटली. कारण मी काही अडाणी बाई नाही. कामथडीच्या आसपास चोवीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काढली. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखर-पाणी कसं पाजायचं हे मी दारोदार फिरून आयांना शिकवलं, न ऐकणारीला झापलंसुद्धा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझं नाव शालन. माहेर वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याला. बावीस वर्षांपूर्वी मी ख्रिस्ती विश्वासात आले. आमचे हे माझ्यामागून दोन वर्षांनी आले. हे हायवेवरच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापतात. बोलायला कमी, कामाला वाघ. नसरापूरच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये आमची मंडळी, म्हणजे चर्च, भरते, वीसेक घरांची. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, त्यांच्याच हातून गुंजवणी नदीत बुडी घेऊन माझा बाप्तिस्मा झाला. माझ्या घरी आले की दोन कप चहा घेतल्याशिवाय ते कधी उठले नाहीत.

आमच्या मंडळीत वर्षातून एकदा एकवीस दिवसांचा साखळी उपास असतो. एकेका घरानं एकेक दिवस वाटून घ्यायचा, नुसतं पाणी प्यायचं, प्रार्थना करायची, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरानं धरायचा. कुणाला त्रास होत नाही. त्या वर्षी मी उभी राहिले आणि म्हटलं, "सगळे एकवीस मी एकटी धरते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला त्या टाळ्यांची हौस होती. मी पाळकांना म्हटलं की माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत. ते म्हणाले, "गोळ्या सोडू नका ताई. बाकी प्रभू सांभाळेल." माणूस वाईट नव्हता. गोळी बंद करा असं तो कधीच म्हणाला नाही.

पण त्या गोळीतच मेख होती. ती डाययुरेटिक होती, म्हणजे लघवी जास्त करवणारी. तिच्यानं अंगातलं मीठ बाहेर जात होतं, पोटात मीठ जात नव्हतं, आणि वरून मी दिवसाला पाच-सहा तांबे पाणी ढोसत होते. पाणी पिणाऱ्याला काय होणार, असंच मला वाटायचं.

दहाव्या दिवशी डोकं जड झालं. अकराव्या-बाराव्या दिवशी मळमळ. तेराव्या दिवशी चालताना मी भिंतीला आदळले, आणि पाळकांची बायको म्हणाली की सैतान लढतोय, तुम्ही जिंकत आलाय. चौदाव्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी आडवी झाले आणि हातपाय झाडायला लागले. यांनी शेजारच्यांच्या टेम्पोत घातलं. भोरच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि तिथनं पुढं मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

बायांनो, उपास कुठल्याही देवाचा असो, हे ऐका. बीपीची, साखरेची, फिटची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा. उपासात डोकं दुखलं, मळमळलं, बोलताना शब्द चुकायला लागले, तर त्याला परीक्षा म्हणू नका. रक्त तपासा. सीरम सोडियम म्हणून साधी तपासणी आहे, तालुक्याला होते.

आयसीयूत मला खारट सलाईन थेंबाथेंबानं चढवलं. घाईनं चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणून दर सहा तासांनी रक्त काढायचे. डोक्याचं सीटी स्कॅन झालं, ते चांगलं आलं. मला यातलं काही म्हणता काही आठवत नाही. ते चार दिवस माझ्याकडे नाहीतच. ते दुसऱ्यांकडे आहेत, आणि सगळी भानगड तिथंच झाली.

जनरल वॉर्डात आणलं त्या दिवशी माझी धाकटी बहीण मंदा आली. ती वेल्ह्यात राहते, आमच्या माहेरच्या देवीला, मेंगाईला, मानते. मी विश्वासात आल्यापासून आमच्यात नीट बोलणं नव्हतं. ती आली ती हसतच. कॉटवर बसली, माझा हात धरला.

"आक्का, तू मेंगाईला हाक मारलीस! म्या सोता ऐकली. काय आवाज लावलावतास! आन त्या तुमच्या पाळकाला तर असं बोललीस, जीव गार झाला माजा."

"काय बोलले मी?"

"तुज्या मालकालाच इचार."

हे खिडकीपाशी उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई." मी म्हटलं, "अहो, सांगा, नाहीतर मी सलाईन उपटीन." मग त्यांनी खाली बघतच सांगितलं. दुसऱ्या दिवशी, मंदा तिथं असतानाच, पाळक मंडळीतल्या दोन बहिणींना घेऊन प्रार्थनेला आले. माझ्या कपाळावर हात ठेवला. मी मान फिरवली आणि मोठ्यानं म्हटलं, "जा हितनं. मला तुजा येशू न्हाई पायजे. न्हवताच कधी. मेंगाई माय, मला घिऊन जा."

न्हवताच कधी. बावीस वर्षं रोज सकाळी ज्याचं नाव घेऊन चूल पेटवली, त्याला मी म्हटलं, नव्हताच कधी. मी उशीत तोंड घातलं आणि रडले. मंदाला वाटलं पश्चात्ताप झाला. ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे, असू दे, आई मोठ्या मनाची हाय."

नवव्या दिवशी घरी सोडलं. पायांत जीव नव्हता, भिंत धरून मोरीपर्यंत जायची. त्यात मंदा पिशवी घेऊन हजर. खण, नारळ, हळदकुंकू. म्हणाली, बरं वाटलं की तोरण्यावर जाऊन ओटी भरू, तूच बोलावलंस तिला.

मी म्हटलं, "मंदे, मी त्या डॉक्टरणीलासुद्धा आई म्हणत होते म्हणे. मग आता तिच्या घरी राहायला जाऊ का?"

"तुजी जीभ तेवढी बरी झाली बग आदी," ती म्हणाली आणि पिशवी ठेवून गेली. ती पिशवी मी फेकली नाही. बहिणीनं आणलेली होती.

दोन दिवसांनी पाळक आले. यांनी चहा टाकला. ते म्हणाले, "नको, आत्ताच घेऊन निघालोय." तेव्हाच मी ओळखलं.

बसले, पवित्र शास्त्र मांडीवर ठेवलं, आणि म्हणाले, "शालनताई, अंतःकरणात भरलेलं असतं तेच तोंडावाटे येतं. तुम्ही तिघा साक्षीदारांसमोर प्रभूला नाकारलंय. तारण मिळालं म्हणजे ते खिशात पडलं असं नसतं. ते हरवू शकतं." तारण म्हणजे आमच्या भाषेत पापातून आणि नरकातून सुटका.

"पाळकसाहेब, मी शुद्धीत नव्हते."

"शुद्धीत माणूस जपून बोलतो," ते म्हणाले.

बघा, उत्तर कसं तयार ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, मी मंडळीसमोर कबुली द्यावी आणि नदीवर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा. तोवर प्रभुभोजन नाही, म्हणजे रविवारी प्रभूच्या नावानं वाटतात तो भाकरीचा तुकडा नाही.

मंडळीत यावर बैठक झाली. माझ्याविषयी, आणि मी तिथं नव्हते. आमच्यातले एक वडीलधारे आहेत, रिटायर्ड मास्तर, ते म्हणे पाळकांना आडवे आले. मला आशा वाटली. तर त्यांचं म्हणणं काय? देवानं दिलेलं तारण हरवत नाही, मेंढरू त्याच्या हातातून कुणी काढू शकत नाही. म्हणून शालनताईंचं तारण हरवलं नाही, ते मुळात झालंच नव्हतं. त्या स्वतःच म्हणाल्या ना, नव्हताच कधी. एकाच्या मते माझं होतं ते गेलं, दुसऱ्याच्या मते माझं नव्हतंच. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोघांच्याही हिशेबात मी बाहेर. दोघांपैकी एकालाही वाटलं नाही की डॉक्टरला एक फोन करून विचारावं.

रविवारी मी गेले. यांचा हात धरून, पायरी पायरीनं. भाकरीचं तबक आलं. ते वाटणारा मंडळीतला भाऊ माझ्यासमोर आला, थबकला, आणि माझ्यावरून तबक उचलून शेजारणीपुढं धरलं. त्या शेजारणीच्या पोराला मी अंगणवाडीत मांडीवर घेऊन भरवलं होतं. तिनं माझ्याकडे न बघता तुकडा उचलला.

मला राग आला, पण त्याच्या खाली भीती होती, ती सांगते. शहाणी माणसं म्हणतात, नरकाची कसली भीती. मला वाटत होती. कपडे घडी घालताना हात थांबायचा. वाटायचं, पाळक म्हणतात तेच खरं असेल तर? मीठ उतरल्यावर आतलं खरं वर आलं असेल तर? बावीस वर्षं मी वरवरची असेन, आणि आत तीच तोरण्याखालची पोर, आईच्या पदराला धरून गड चढणारी? मी प्रार्थनेला बसायची आणि तशीच उठायची. ज्याला नाही म्हटलं त्याच्याकडे मागू कुठल्या तोंडानं?

"घिऊन टाक की बुडी एकदा," हे म्हणाले. "पानीच तर हाय. गप बसतील समदे."

असा राग आला मला या माणसाचा! माझा जीव टांगणीला लागलाय आणि याला वाटतंय की नळाची तक्रार आहे.

दाखवायला बोलावलं होतं तेव्हा सोडियम एकशे सदतीस आलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाई, माणूस भ्रमात बोलतो ते खरं असतं का? आतलं असतं का?"

तिनं पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही मला आई म्हणालात. वॉर्डबॉयला म्हणालात, अंडी चोरलीस. छताकडे बघून पोरांची हजेरी घेत होता. यातलं काय खरं?"

"पण देवाबद्दल बोलले ते?"

"मेंदूला सूज आली की जुनं, लहानपणचं, आधी वर येतं असं आम्ही बघतो. ते तुमच्यात आहे, ते जाणार कुठं? पण तो निर्णय नसतो. निर्णय घ्यायला मेंदू जागेवर लागतो. हवं तर लिहून देते."

तिनं खरंच लिहून दिलं. तो कागद मी पाळकांना दाखवला. त्यांनी वाचला, घडी केली, परत दिला. "ह्या शरीराच्या गोष्टी आहेत, ताई." बस्स, एवढंच.

शेवटी मी नदीवर गेले. पटलं म्हणून नाही, घाबरले होते म्हणून. थंडी सरत आली होती. काठावर मंडळी गाणं म्हणत उभी, हे कोरडं लुगडं आणि टॉवेल घेऊन. मी कमरेएवढ्या पाण्यात. पाळकांनी एक हात माझ्या पाठीला लावला आणि मोठ्यानं विचारलं, "शालनताई, ज्या प्रभूला तुम्ही नाकारलंत, त्याच्याकडे तुम्ही आज परत येता काय?"

हो म्हणायला तोंड उघडलं. एक अक्षर. पण ते म्हटलं की मी गेले होते हे कबूल झालं. माझी ती बावीस वर्षं माझ्याच तोंडानं मोडीत निघाली. मी म्हटलं, "पाळकसाहेब, मी कुठं गेले होते? मी आयसीयूत होते."

"ताई, ही वाद घालायची जागा नाही."

"एवढं एकच सांगा. उद्या पुन्हा माझं मीठ उतरलं आणि पुन्हा काही बोलले, तर पुन्हा आणणार का मला हितं? माझं तारण जर लघवीच्या गोळीनं वाहून जात असेल, तर ते तुम्हालाच ठेवा."

काठावरचं गाणं थांबलं. पाळकांचा हात पाठीवरून निघाला. मी वळले आणि बाहेर आले. यांच्याकडे बघितलं, हे तिथंच टॉवेल धरून उभे. मी थांबले नाही. ओल्या लुगड्यानं रस्त्याला आले, वडापची जीप मिळाली, सीट भिजेल म्हणून ड्रायव्हरनं मला मागं उभी केली. घरापर्यंत मी यांना शिव्या घालत आले.

हे तासाभरानं आले. मी म्हटलं, "आलात? मला वाटलं माझ्या वाटची बुडी तुम्हीच घेतली."

"प्रार्थना चालली व्हती. अर्दी टाकून कसं यायचं?" कोरडं लुगडं त्यांनी खुंटीला अडकवलं. मग चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "येक सांगू का? तितं हात म्या बांदले व्हते तुजे."

"कुठं?"

"हास्पिटलात. तू सुया उपटत व्हतीस, मानंतली नळी बी वडलीस. सिस्टर म्हनली, बांदा, न्हाईतर हाताशी लागायची न्हाई. तिनं पट्टी दिली, गाठ म्या मारली. दोनी हात, कॉटच्या गजाला."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग मी काय म्हणाले?"

"काय म्हनलीस! शिव्या दिल्यास. माज्या आईपस्तोर गेलीस. म्हनलीस, तू माजा नवरा न्हाईस, न्हवतासच कदी. सोड मला, जाऊ दे."

"मग?"

"मग काय मग? बसलो तितंच. पट्टी रुतत व्हती म्हनून मदी बोट घालून बसलो."

"पाळकांना सांगितलंत हे?"

"त्येला काय सांगायचं? बडबड ती. ती का मनाव घ्यायची असती?"

आठवी नापास माणूस. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला नवरा नाही म्हटलं ती बडबड, आणि देवाला नाही म्हटलं ते खरं? आता आपलंही लग्न पुन्हा लावायचं का?"

"आता या वयात?" ते म्हणाले. मग त्यांना कळलं मी काय विचारलं ते. उठले, बाहेर जाऊन ओट्यावर बसले, आणि अंधार पडेस्तोवर आत आले नाहीत.

आजारी पडणाऱ्यांनो आणि त्यांच्याजवळ बसणाऱ्यांनो, तारण हरवतं का हे मला विचारू नका. शिकलेली माणसं अजून भांडताहेत, भांडू देत. मला एवढंच कळलं की मी सोड म्हणत होते तेव्हा एका साध्या माणसानं मला सोडलं नाही, आणि देव त्याच्याहून हलका असेल असं मी मानणार नाही. भीती गेली. राग गेला नाही. तो असू दे, त्याच्यावर गोळी नाही.

पुढच्या रविवारी तबक पुन्हा मला टाळून गेलं. यांच्यापुढं आलं. यांनी तुकडा घेतला, मोडला, आणि निम्मा माझ्या तळहातावर ठेवला. सगळ्यांच्या देखत. पाळक बघत होते. मी खाल्ला.

तेव्हापासून तबक आम्हा दोघांनाही टाळून जातं. आम्ही दर रविवारी वेळेच्या आधी जातो आणि पहिल्या रांगेत बसतो.